इंधनाचा पारखी : सर हॅरी रिकार्डो

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील वैशाखाचे ऊन साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. सागाची पाने गळून गेलेली असतात, तेंदूपाने तोडण्याचा हंगाम चालू असतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. अशा वेळी आलापल्लीहून भामरागडच्या बाजूस जाणारी एखादी जुनी पेट्रोलची गाडी माणसे आणि धान्याची पोती घेऊन चढ चढू लागली, म्हणजे तिच्या इंजिनातून एक निराळाच आवाज कानी पडतो. पत्र्याच्या डब्यात खडे घालून तो हलवावा, तसा तो आवाज असतो. चालक सावध होतो, खालचा गिअर टाकतो आणि आवाज थांबतो. गावचा मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतो. आपण त्याला ठोका म्हणू.

हा ठोका इंजिनाइतकाच जुना आहे. तथापि तो का पडतो, आणि तो पडू न देता इंजिनाकडून अधिकात अधिक काम कसे घ्यावे, हे बरीच वर्षे कोणालाच नीट उमगले नव्हते. हे कोडे सोडविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या इंग्रज इंजिनिअरांचे नाव सर हॅरी रिकार्डो.

हॅरी राल्फ रिकार्डो यांचा जन्म २६ जानेवारी १८८५ रोजी लंडन येथे झाला. तीन भावंडांत ते थोरले आणि एकुलते एक पुत्र होते. घराणे मोठे नावाजलेले होते. सुप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांच्या एका भावाचे ते वंशज. वडील हॅल्सी रिकार्डो हे वास्तुशिल्पी होते. कोलकात्याला जाणारा प्रवासी हावडा स्थानकाच्या ज्या भव्य लाल इमारतीत उतरतो, तिचा आराखडा त्यांनीच केलेला आहे. आईचे वडील सर अलेक्झांडर रेंडेल हे तर पूल बांधणारे इंजिनिअर म्हणून विख्यात होते. हिंदुस्थानातील रेल्वेशी त्यांचा दीर्घकाळ संबंध होता, आणि सिंधू नदीवर सक्कर येथे १८८९ साली खुला झालेला पूल त्यांच्याच योजनेप्रमाणे उभारला गेला. एका आजोबांच्या पुलावरून आणि एका वडिलांच्या स्थानकातून आपल्या देशातील असंख्य माणसे गेली असतील. पण ज्याचे काम आज जवळजवळ प्रत्येक मोटारसायकलीत दडलेले आहे, तो मुलगा आणि नातू मात्र आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही.

लहानपणापासून हॅरीला यंत्रांचे विलक्षण वेड होते. लेथवर बसून लहान लहान वाफेची इंजिने तयार करावीत, हा त्याचा खेळ. १८९८ साली आजोबांनी एक मोटारगाडी विकत घेतली. त्या काळी इंग्लंडातसुद्धा मोटारगाडी पाहिलेली माणसे थोडीच होती. तेरा वर्षांच्या हॅरीला ती गाडी घरच्या घरी पाहावयास मिळाली, हे त्याचे भाग्यच म्हणावयाचे. पुढे रग्बी येथील शाळेत शिक्षण पुरे करून १९०३ साली तो केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाला.

केंब्रिजमध्ये मोटारप्रेमी विद्यार्थ्यांचा एक संघ होता. १९०४ साली त्या संघाने एक गमतीची स्पर्धा ठेवली. प्रत्येकाला एक क्वार्ट, म्हणजे सुमारे १.१४ लिटर पेट्रोल मिळावयाचे आणि तेवढ्यावर जो सर्वांत दूर जाईल तो विजयी. हॅरीची मोटारसायकल त्याने स्वतः तयार केलेल्या इंजिनाची आणि सर्वांत जड होती. तिला कोणी गणतीत धरले नसावे. परंतु तो त्या पेट्रोलवर ४० मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर गेला आणि जिंकला. तेथील यंत्रशास्त्राचे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांच्या नजरेस ही गोष्ट आली. या मुलाला वेगाने धावण्यापेक्षा इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब घेण्यात रस आहे, हे त्यांनी ओळखले आणि त्याला आपल्या प्रयोगशाळेत इंजिनांच्या संशोधनाला लावले. गुरूने शिष्याला असे वेळीच हेरणे हा योग विरळाच.

या प्रयोगशाळेत हॅरीपुढे कोणता प्रश्न होता, हे समजून घेण्यासाठी इंजिनाच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनात एक नळकांडे असते आणि त्यात एक दट्ट्या खालीवर होत असतो. दट्ट्या खाली जाताना हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण आत ओढले जाते. तो वर येताना ते मिश्रण दाबले जाते. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते, तप्त वायू फुगतो आणि दट्ट्याला जोराने खाली ढकलतो. त्याच रेट्यावर चाके फिरतात. शेवटी जळालेला वायू बाहेर टाकला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. दट्ट्या अगदी खाली असताना आत आठ मापे जागा असेल आणि अगदी वर गेल्यावर एकच माप उरत असेल, तर मिश्रण आठपट दाबले गेले. या आठ या आकड्याला संपीडन-गुणोत्तर असे भारदस्त नाव आहे. आपण त्याला दाबाचे प्रमाण म्हणू.

आता, मिश्रण जितके अधिक दाबावे तितका ते पेटल्यावर फुगण्यास अधिक वाव मिळतो, आणि तितक्याच पेट्रोलमधून अधिक काम निघते. शास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडलेला आहे. दाबाचे प्रमाण चार असेल, तर आदर्श इंजिनात उष्णतेच्या शंभर भागांपैकी ४३ भाग कामी येतात. प्रमाण आठ केले तर ५६ येतात आणि बारा केले तर ६३. खऱ्या इंजिनात यापेक्षा पुष्कळच कमी पदरात पडते, कारण घर्षण आहे, तापलेल्या भिंती आहेत. परंतु चढती दिशा तीच. चारावरून आठावर गेल्यास १३ भागांचा लाभ होतो आणि आठावरून बारावर गेल्यास केवळ ७ भागांचा, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मग सर्वांनी आपली इंजिने बारापट दाबाची का केली नाहीत? त्यांना ते जमत नव्हते, हेच त्याचे उत्तर. हॅरीच्या विद्यार्थिदशेत मोटारींचे दाबाचे प्रमाण चाराच्या आसपास असे. त्याहून फार वर गेले की ठोका सुरू होई, इंजिन तापे, जोर कमी होई आणि दुर्लक्ष केले तर दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत पाळी येई. पुष्कळ जाणत्यांची समजूत अशी होती की, नळकांड्यातील एखादा लालभडक तापलेला भाग ठिणगीच्या आधीच मिश्रणाला पेटवतो आणि त्यामुळे ठोका पडतो. अशी अवेळी आग लागते, हे खरे आहे. पण ठोका निराळा, हे हॉपकिन्सन यांनी दाखवून दिले होते. तो निराळा कसा, याचा माग काढणे शिष्याकडे आले.

रिकार्डो यांना जे उत्तर सुचले, ते रानात वाढलेल्या मुलांना चटकन समजेल. वणवा लागला म्हणजे आगीची एक ओळ सुक्या गवतातून पुढे सरकत जाते. तिची धग पुढच्या गवताला आधीच लागत असते. रान मोकळे असते, म्हणून धग वर निघून जाते आणि आग क्रमाक्रमाने सरकते. पण हेच रान चारी बाजूंनी बंद असते तर? नळकांड्यात नेमके असेच असते. ठिणगी एका जागी पडते आणि तेथून ज्वाला पुढे पसरू लागते. जळालेला भाग फुगतो व पलीकडे उरलेल्या, अजून न पेटलेल्या मिश्रणाला भिंतीशी चेपतो. आधीच दट्ट्याने दाबलेले ते मिश्रण आणखी दाबले जाते आणि आणखी तापते. ज्वाला तेथे पोहोचेपर्यंत ते तग धरून राहिले, तर सारे सुरळीत पार पडते. ते तग धरू शकले नाही, तर त्याचा सबंध गोळा एकाच क्षणी आपणहून भडकतो आणि त्याचा तडाखा नळकांड्याच्या भिंतीवर बसतो. कानावर पडणारा ठोका तोच.

म्हणजे सारा प्रश्न त्या शेवटच्या चिमूटभर मिश्रणाचा होता. ते किती ताप सोसू शकते? आणि हे जर खरे, तर केवळ इंजिन पाहून दाबाचे प्रमाण ठरवता येणार नाही. त्यात कोणते इंधन घालावयाचे, हे आधी विचारले पाहिजे. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या वेळी पेट्रोलची परीक्षा त्याच्या वजनावरून होत असे. हलके ते उत्तम आणि जड ते कमी प्रतीचे, असा बाजाराचा दंडक होता.

शिक्षण संपल्यावर रिकार्डो आजोबांच्या कचेरीत काम करू लागले. परंतु फुरसतीचा सगळा वेळ इंजिनांतच जाई. एका नातलगाच्या साहाय्याने त्यांनी डॉल्फिन नावाची मोटारगाडी काढून पाहिली. धंदा म्हणून तो प्रयोग फसला. त्या गाडीसाठी आखलेल्या इंजिनाला मात्र समुद्रकाठच्या शोरहॅम गावी कोळ्यांच्या होड्यांवर चांगले काम मिळाले. १९११ साली बिअ‍ॅट्रिस हेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुली झाल्या.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. १९१६ साली इंग्रजांनी रणगाडे रणांगणावर आणले. पण त्यांच्या इंजिनांतून निळसर धुराचे लोट निघत आणि शत्रूला रणगाडा कोठे आहे, हे लांबूनच कळे. बिनधुराचे आणि अधिक शक्तीचे इंजिन तयार करण्याची कामगिरी रिकार्डो यांच्याकडे आली. अडचणी थोड्याथोडक्या नव्हत्या. उत्तम पोलाद आणि ॲल्युमिनियम विमानांसाठी राखून ठेवलेले होते, ते मिळावयाचे नाही. चांगले पेट्रोलही विमानांकडे जावयाचे. रणगाड्याच्या वाट्याला हलक्या प्रतीचे यावयाचे. तेव्हा मिळेल त्या पेट्रोलला सोसेल इतकाच दाब ठेवून त्यांनी सहा नळकांड्यांचे, १५० अश्वशक्तीचे इंजिन आखले. वंगणाचे तेल वर चढून जळू नये, यासाठी दट्ट्याची रचनाच त्यांनी बदलली, आणि धूर थांबला. ही इंजिने हजारोंनी तयार झाली. आपल्याला हवे तसे इंधन मागून घेण्याची सोय नसेल, तर आहे त्या इंधनाशी जुळवून इंजिन आखावे लागते, हा धडा त्यांना युद्धाने दिला.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडली. शेल या तेलकंपनीने निरनिराळ्या देशांतील पेट्रोलचे नमुने त्यांच्याकडे तपासण्यासाठी पाठवले होते. त्यांपैकी बोर्निओ बेटावरच्या तेलातून काढलेला एक नमुना काही केल्या ठोका देईना. इतर पेट्रोल जेथे हात टेकत, तेथून पुढे हे निमूटपणे दाब सोशी. चौकशी करता कळले ते चकित करणारे होते. हे पेट्रोल वजनाने जड, म्हणून त्याला गिऱ्हाईक नव्हते, आणि तिकडच्या जंगलात ते चक्क जाळून टाकले जात होते. त्यात टोल्युइनसारखी द्रव्ये विपुल होती. जगातले अत्यंत उपयुक्त पेट्रोल केवळ चुकीच्या मापाने मोजल्यामुळे राख होत होते, आणि तेही युद्धाच्या ऐन टंचाईत! उधळपट्टी म्हटली की आपल्याला लग्नकार्ये आणि मेजवान्या आठवतात. पण चुकीच्या मापाइतकी महाग उधळपट्टी दुसरी कोणती नसेल.

युद्ध संपण्यापूर्वीच, १९१८ साली, हॉपकिन्सन विमान-अपघातात मृत्यू पावले. त्यांनी हाती दिलेला प्रश्न मात्र जिवंत राहिला. शेल कंपनीने इंधनांची पद्धतशीर पारख करण्याचे काम रिकार्डो यांना दिले, आणि शोरहॅम येथे त्यांची स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली. हेन्री टिझार्ड हे रसायनशास्त्रज्ञ आणि डेव्हिड पाय हे पदार्थवैज्ञानिक त्यांना येऊन मिळाले. तिघे तीन वाटांनी आलेले, म्हणूनच त्यांचे छान जमले.

येथे रिकार्डो यांनी जे यंत्र तयार केले, ते त्यांच्या साऱ्या आयुष्यातील उत्तम काम होय. त्याचे नाव ई-३५. एकच नळकांडे असलेले हे इंजिन दोन लिटरच्या आसपास होते. त्याचा विशेष असा की, डोक्यासकट सबंध नळकांडे चालत्या इंजिनातच वर-खाली सरकवता येई. नळकांडे वर सरकवले की दट्ट्याच्या डोक्यावर जागा वाढे आणि दाबाचे प्रमाण घटे. खाली आणले की प्रमाण चढे. चाराच्याही खालपासून आठापर्यंत हवे ते प्रमाण हाताशी असे. सतारीची तार पिळत पिळत सूर लावावा, तसा हा प्रकार होता.

प्रयोग चाले तो असा. एक इंधन घ्यावयाचे. इंजिनाचा वेग, पाण्याची उष्णता, आत येणाऱ्या हवेची उष्णता ही सर्व ठरलेल्या मापावर बांधून ठेवावयाची. मग दाब अगदी सावकाश चढवत न्यावयाचा आणि कान देऊन ऐकत राहावयाचे. पहिला ठोका ऐकू आला की आकडा टिपून घ्यावयाचा. या इंधनाला उपयोगी पडेल असा कमाल दाब एवढा. नंतर टाकी रिकामी करून दुसरे इंधन, आणि पुन्हा पहिल्यापासून. निरनिराळ्या विहिरींची पेट्रोले, रॉकेल, बेंझिन, टोल्युइन, ईथर, मद्यार्क अशी कितीतरी द्रव्ये या एका इंजिनातून गेली. कंटाळवाणे काम खरे; पण बाजारातील शंभर मतांचा निकाल या कंटाळवाण्या आकड्यांनीच लावला.

काय आढळले? वजनाचा आणि ठोक्याचा संबंध लावणे व्यर्थ आहे. रॉकेल थोड्याशा दाबालाच ठोका देते. ईथर तर त्याहून कच्चे. टोल्युइन पुष्कळ दाब सोसते, आणि मद्यार्क सोसण्यात अगदी पहिल्या रांगेत बसतो. टोल्युइनला प्रमाण धरून रिकार्डो यांनी इंधनांना अंक देण्याची रीत घातली. पुढे १९२७च्या सुमारास अमेरिकेत ठरलेला ऑक्टेन अंक हा याच विचाराचा वारस होय. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि हेप्टेन या द्रव्याला शून्य गुण देऊन, आपले पेट्रोल त्यांच्या कोणत्या मिश्रणासारखे वागते, ते त्यात पाहतात. पेट्रोलच्या वर्गवारीत ९१, ९५ असे जे अंक आढळतात ते हेच.

इंधनाइतकाच नळकांड्याचा आकारही महत्त्वाचा, हेही या प्रयोगांतून पक्के झाले. नळकांडे जितके रुंद, तितके ज्वालेला अधिक अंतर चालावे लागते आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापत बसण्यास अधिक वेळ मिळतो. म्हणून मोटारसायकलीच्या चिमुकल्या नळकांड्याला जे प्रमाण सोसते, ते थोराड इंजिनाला सोसेलच असे नाही. काही हौशी लोक जोर वाढविण्यासाठी इंजिनातील दट्ट्याची धाव लांबवतात. त्यांना एक साधे गणित विसरून चालत नाही. समजा, वर गेल्यावर दट्ट्याच्या डोक्यावर १०० घनसेंटिमीटर जागा उरते आणि दट्ट्या ७०० घनसेंटिमीटर जागा झाडतो. एकूण ८००, दाबाचे प्रमाण आठ. आता धाव लांबवून तो ८०० झाडू लागला आणि वरची जागा तेवढीच राहिली, तर एकूण ९०० झाले आणि प्रमाण आपोआप नऊ झाले. कोणी हात न लावता दाब वाढला! पंपावरचे पेट्रोल मात्र होते तेच आहे. अशा वेळी दट्ट्याचे डोके कोरून किंवा ज्वलनाची कोठी मोठी करून प्रमाण पुन्हा खाली आणावे लागते. नाहीतर वाढलेला जोर ठोक्यांतच विरून जातो.

हवेची उष्णता ठरलेल्या मापावर का ठेवावयाची, हेही येथेच सांगितले पाहिजे. लंडनची हवा १५ अंशांची आणि वैशाखात चंद्रपूरची ४५ अंशांची. आत घेतानाच तापलेली हवा दाबल्यावर आणखी तापते, आणि त्या कोपऱ्यातल्या मिश्रणाची सहनशक्ती लवकर संपते. त्यात भरीला ओझे आणि चढ. आलापल्लीच्या चढावर जुनी गाडी उन्हाळ्यात जो ठोका देते आणि पौषात देत नाही, त्याचे कारण हे आहे. इंजिन थंड प्रदेशात पारखून उष्ण प्रदेशात विकावयाचे असेल, तर दाबाचे प्रमाण काठोकाठ ठेवून भागत नाही. थोडी जागा राखावी लागते.

ठोका टाळण्याचे दोन मार्ग आता स्पष्ट झाले होते. एक, इंधन सुधारणे. दुसरा, इंजिनाची कोठी सुधारणे. पहिल्या मार्गावर एक भयंकर आडवाट लागली. १९२१ साली अमेरिकेतील टॉमस मिजली यांना असे आढळले की, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये अगदी थोडेसे मिसळले तर ठोका थांबतो. उपाय स्वस्त आणि गुणकारी होता. पण शिसे हे विष आहे. १९२४ साली हे संयुग तयार करणाऱ्या अमेरिकेतील एका ठिकाणी पाच कामगार मरण पावले. तरीही शिशाचे पेट्रोल जगभर पसरले, आणि पुढे कित्येक दशके गाड्यांच्या धुरातून ते विष लहान मुलांच्या श्वासात जात राहिले. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले; जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ साली.

रिकार्डो यांचा स्वतःचा ओढा दुसऱ्या मार्गाकडे होता. त्या काळातील बहुतेक स्वस्त मोटारींच्या झडपा नळकांड्याच्या बाजूला असत आणि ज्वलनाची कोठी पसरट असे. रिकार्डो यांनी कोठी झडपांच्या बाजूला आटोपशीर गोळा केली आणि दट्ट्याच्या डोक्यावर जवळजवळ जागाच उरू दिली नाही. दट्ट्या वर येताच मिश्रण तेथून जोराने कोठीत लोटले जाई आणि त्यात भोवरे उठत. भोवऱ्यांमुळे ज्वाला भरभर पसरे. कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापण्यास सवडच मिळत नसे. पेट्रोल तेच, पण इंजिन अधिक दाब सोसू लागले. विष नाही, महाग द्रव्य नाही. नुसता ओतीव लोखंडाचा आकार बदलला. पुढे अनेक कारखानदारांनी ही रचना उचलली, काहींनी परवानगीवाचून उचलली, आणि त्याबद्दल रिकार्डो यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. तेथे ते जिंकले.

डिझेल इंजिनाची गोष्ट उलटी. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबावयाची की आत फवारलेले तेल तिच्या तापानेच पेटावे. तेथेही रिकार्डो यांनी हवेला भोवऱ्यासारखी फिरविणारी कोठी शोधून काढली. कॉमेट, म्हणजे धूमकेतू, या नावाची ती कोठी १९३१ साली नोंदवली गेली, आणि तिच्यामुळे लंडनच्या बसगाड्या डिझेलवर चालू लागण्यास मोठी मदत झाली. डिझेलच्या लहान मोटारगाड्यांतही ती कित्येक वर्षे वापरली जात होती.

१९२२ आणि १९२३ साली त्यांचा अंतर्ज्वलन इंजिनांवरील दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो अनेक पिढ्यांच्या इंजिनिअरांनी अभ्यासला. १९२९ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. दुसऱ्या महायुद्धातही त्यांचा सल्ला विमानांच्या इंजिनांना आणि नव्याने जन्मलेल्या जेट इंजिनालाही लाभला. टिझार्ड आणि पाय हे त्यांचे दोघे सहकारीही पुढे मोठ्या पदांवर चढले. १९४८ साली रिकार्डो यांना सर हा किताब मिळाला. १८ मे १९७४ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, पडून पाय मोडल्याचे निमित्त होऊन त्यांचे निधन झाले.

शिसे गेल्यावर पेट्रोलला दाब सोसण्याचे बळ कोठून आणावयाचे, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तेव्हा ई-३५च्या नोंदवहीतील पहिल्या रांगेतला मद्यार्क पुन्हा आठवला. मोहफुले आंबवून जो मद्यार्क गाळतात, त्याच जातीचा इथेनॉल हा द्रव पदार्थ ऊस, मका आणि तांदूळ यांपासून काढून आपल्या पेट्रोलमध्ये मिसळला जाऊ लागला, आणि २०२५ साली त्याचे प्रमाण शंभरात वीसपर्यंत गेले. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने उष्णता सुमारे एकतृतीयांशाने कमी असते, ही त्याची उणी बाजू. परंतु त्याचा ऑक्टेन अंक १०० च्या वर आहे. अलीकडच्या पुष्कळ इंजिनांच्या अंगावर सुपारीएवढा एक विजेचा कान बसवलेला असतो. पहिला ठोका पडताच तो संगणकाला कळवतो आणि ठिणगी क्षणभर उशिरा पडते. शोरहॅमच्या प्रयोगशाळेत माणसे कान देऊन जे ऐकत बसत, तेच हा चिमुकला तुकडा भामरागडच्या रस्त्यावर ऐकत असतो.